नेम आणि आख्यान : 'प्रोजेक्ट ॲपलसीड' या उपक्रमातील १९ एप्रिल १७७५ च्या कथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

'प्रोजेक्ट ॲपलसीड' या नावाने अमेरिकेत २००६ पासून चालत आलेला उपक्रम वरवर पाहता रायफल-नेमबाजीच्या प्रशिक्षणाचा आहे. 'रेव्होल्यूशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन' ही स्वयंसेवी संस्था तो चालविते. देशभरातील नेमबाजीच्या मैदानांवर बहुधा शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे वर्ग भरतात. शिकविणारे विनावेतन असतात आणि शिकणाऱ्यांत लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्व वयांचे लोक असतात. सफरचंदाच्या बिया पेरीत हिंडणाऱ्या जॉन चॅपमन (१७७४-१८४५) या लोककथेतील पुरुषाच्या टोपणनावावरून उपक्रमाचे नाव घेतले आहे. काहीतरी पेरावयाचे आहे, ही भूमिका नावातच आली. मात्र जे पेरावयाचे ते केवळ कौशल्य नाही. बंदुका खाली ठेवून विसावा घेतला जातो त्या वेळी शिबिरार्थींना एक गोष्ट सांगितली जाते. ही गोष्ट आहे मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड या गावांत १९ एप्रिल १७७५ रोजी घडलेल्या चकमकींची, म्हणजेच अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दिवसाची.

प्रस्तुत लेखाचा विषय ही गोष्ट आहे. शस्त्र बाळगावे की बाळगू नये, हा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. एका ऐतिहासिक दिवसाला नेमबाजीच्या धड्याची जोड दिली म्हणजे त्या दिवसाचा अर्थ कसा बदलतो आणि श्रोत्याच्या हाती कोणता वारसा येतो, एवढ्यापुरतीच ही चिकित्सा मर्यादित आहे.

शिबिराची घडण

शिबिरातील शिक्षण अत्यंत पद्धतशीर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रारंभ सुरक्षिततेच्या नियमांनी होतो. लक्ष्य २५ मीटरवर असते. बहुतेकांच्या हाती 'रुगर १०/२२' सारखी .२२ ची हलकी रायफल असते. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात .२२ ची रायफल घेऊन चटईवर पालथे झोपलेल्या प्राध्यापकांना हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. गोळी झाडण्याची क्रिया सहा पायऱ्यांत विभागली जाते. माशी आणि मागील नेमदर्शक एका रेषेत आणणे, ती रेषा लक्ष्यावर स्थिर करणे, श्वास नैसर्गिकपणे थांबतो तो क्षण पकडणे, दृष्टी माशीवर आणि मन लक्ष्यावर ठेवणे, चाप हळुवार दाबणे आणि गोळी सुटल्यावरही चाप धरून ठेवून नेम कोठे होता याची मनाशी नोंद करणे, असा हा क्रम आहे. शरीराच्या स्नायूंनी बंदूक ओढून लक्ष्यावर आणावयाची नाही. शरीराची ठेवणच अशी बदलावयाची की बंदूक सहज लक्ष्याकडे राहील, हे तत्त्व पुन्हापुन्हा सांगितले जाते.

दोन दिवसांच्या अखेरीस जी चाचणी होते ती अमेरिकन लष्कराच्या जुन्या पात्रता-चाचणीवर बेतलेली आहे. ४० गोळ्या, चार टप्पे आणि २५० गुण असे तिचे स्वरूप असून २१० गुण मिळविणाऱ्यास 'रायफलमन' ही पदवी आणि कापडी बिल्ला मिळतो. येथपर्यंत हे कोणत्याही चांगल्या क्रीडाशिक्षणासारखेच आहे.

उपक्रमाचे वेगळेपण एका कागदात दिसते. शिबिरार्थीची प्राथमिक परीक्षा ज्या लक्ष्यपत्रावर घेतली जाते त्याचे नाव 'रेडकोट', म्हणजे लाल डगलेवाला. तो शब्द त्या काळच्या ब्रिटिश शिपायाचा वाचक होता. १००, २००, ३०० आणि ४०० यार्डांवरील माणूस जेवढा दिसेल त्या प्रमाणात लहान होत गेलेल्या चार आकृत्या या कागदावर असतात. प्रत्येकीवर तीन गोळ्या झाडावयाच्या. तेरावी गोळी एका छोट्या चौकोनासाठी राखलेली असते. तो चौकोन म्हणजे २५० यार्डांवरची 'मॉर्गनची फळी'. व्हर्जिनियाच्या डॅनियल मॉर्गनने १७७५ मध्ये आपल्या तुकडीसाठी माणसे निवडताना दूर ठेवलेल्या लाकडी फळीवर नेम धरावयास लावला, अशी जी आख्यायिका आहे तिची ही खूण.

शिबिरार्थी अशा रीतीने गोष्ट ऐकण्यापूर्वीच गोष्टीत शिरलेला असतो. त्याने लाल डगल्यावर तेरा गोळ्या झाडलेल्या असतात आणि त्यांतील बऱ्याचशा चुकलेल्या असतात. आपण असतो तर त्या दिवशी काय झाले असते, हा प्रश्न कोणी मोठ्याने न विचारता त्याच्या समोर उभा राहतो. कथनतंत्राच्या दृष्टीने ही योजना विलक्षण परिणामकारक आहे. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणाने श्रोत्याचे मन तयार केले जाते आणि उत्तररंगात आख्यान लागते. येथे पूर्वरंग शरीराने अनुभवावयाचा असतो. खांदे दुखत असतात, कोपर घासलेले असतात, स्वतःचे अपयश कागदावर भोकांच्या रूपाने दिसत असते, आणि अशा अवस्थेत कथा कानी पडते.

ती कथा तीन भागांत सांगितली जाते. काडी तीनदा ओढली गेली तेव्हा युद्ध पेटले, असे त्यामागील रूपक आहे. पहिली काडी लेक्सिंग्टनच्या हिरवळीवरची. कॅप्टन जॉन पार्करचे सत्तरएक गावकरी तेथे पहाटे उभे होते आणि त्यांतील आठ मारले गेले. दुसरी कॉन्कर्डच्या उत्तर पुलावरची. तेथे ॲक्टन गावच्या तुकडीचा नायक, व्यवसायाने बंदुका घडविणारा तीस वर्षांचा आयझॅक डेव्हिस, अग्रभागी चालत असता कोसळला. तिसरी परतीच्या वाटेवरची, मेरियम्स कॉर्नरपासून पुढे बॉस्टनपर्यंत धुमसत गेलेली. याच्या जोडीला ऐंशीच्या घरातील सॅम्युएल व्हिटमोरची हकिकत येते. मेनॉटमी येथे तो एकटा शिपायांना सामोरा गेला, गोळी आणि संगिनींनी घायाळ होऊनही वाचला आणि १७९३ पर्यंत जगला. पात्रे खरी आहेत आणि प्रसंगही बहुतांशी साधार आहेत. चिकित्सेचा प्रश्न या प्रसंगांच्या जुळणीविषयी आहे.

एका दिवसाची अनेक कथने

१९ एप्रिलची गोष्ट प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा सांगितली आहे. पहिली आवृत्ती घटनेनंतर काही दिवसांतच तयार झाली. मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने प्रत्यक्षदर्शींच्या शपथेवरील जबान्या गोळा केल्या आणि कॅप्टन जॉन डर्बीच्या वेगवान जहाजाने लंडनला रवाना केल्या. त्या सेनापती गेजच्या सरकारी अहवालाच्या आधी तेथे पोहोचल्या. या जबान्यांचा रोख असा की, लेक्सिंग्टनचे लोक पांगत असताना त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या वेळी गरज निरपराधित्वाची होती. त्याच वर्षी एमॉस डूलिटलने केलेल्या कोरीव चित्रात लेक्सिंग्टनचे लोक पळताना व पडताना दिसतात, उलट गोळी झाडताना दिसत नाहीत.

पन्नास वर्षांनी ही गरज बदलली. पहिला प्रतिकार कोणी केला, यावरून लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड या शेजारी गावांत वाद पेटला. लेक्सिंग्टनच्या वतीने एलायस फिनी याने १८२५ मध्ये इतिहास लिहिला. त्यासाठी वृद्ध साक्षीदारांच्या नव्या जबान्या घेण्यात आल्या आणि आता आपल्या लोकांनीही गोळ्या झाडल्या होत्या, असे त्यांना आठवू लागले. १८८६ मधील हेन्री सँडमच्या चित्रात तर तीच माणसे छाती पुढे काढून निधड्या उभी आहेत. चित्राचित्रांतून वाढत गेलेले हे शौर्य हॅरॉल्ड मर्डॉक याने १९२३ मध्ये बारकाईने दाखवून दिले. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली तिची आठवण मराठी अभ्यासकाला येथे अटळपणे व्हावी.

या मालिकेतील सर्वांत प्रभावी कथन अर्थातच लाँगफेलोचे. पॉल रिव्हिअरच्या रात्रीच्या दौडीवरील त्याची कविता जानेवारी १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, 'अटलांटिक मंथली'त प्रसिद्ध झाली. कवितेतील रिव्हिअर एकटा दौडत कॉन्कर्डला पोहोचतो. वस्तुतः तो लिंकन गावाजवळ पकडला गेला आणि कॉन्कर्डला वार्ता नेली ती डॉ. सॅम्युएल प्रेस्कॉट याने. डेव्हिड हॅकेट फिशर यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात रिव्हिअर एकाकी घोडेस्वार नव्हता, समित्या, निरोपे आणि गावोगावचे कार्यकर्ते यांच्या जाळ्यातील तो एक महत्त्वाचा दुवा होता, असे सविस्तर मांडले आहे. एकट्या वीराचे आकर्षण शिबिराने निर्माण केलेले नाही, ते त्याला कवितेकडून वारशाने मिळाले. शिबिराने केले ते एवढेच की घोडेस्वाराच्या जागी नेमबाज बसविला.

रायफल कोणाची?

या जागी कथनाची शिवण उसवते. १९ एप्रिल रोजी मॅसॅच्युसेट्सच्या गावकऱ्यांच्या हातांत प्रामुख्याने गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. मस्केट किंवा पक्ष्यांच्या शिकारीची हलकी बंदूक, असे त्यांचे स्वरूप. नळीत पेचदार खाचा असलेली रायफल ही पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिणेकडील सरहद्दीची चीज होती. काँटिनेंटल काँग्रेसने रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारण्याचा ठराव १४ जून १७७५ रोजी, म्हणजे त्या चकमकीनंतर आठ आठवड्यांनी केला. या तुकड्या पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनिया येथील होत्या. तीन दिवसांनी जॉन ॲडम्स आपली पत्नी ॲबिगेल हिला लिहिलेल्या पत्रात रायफल म्हणजे काय, तिच्या नळीत खाचा कशा असतात आणि गोळी दूरवर किती अचूक जाते, हे समजावून सांगतो. मॅसॅच्युसेट्सच्या एका सुशिक्षित स्त्रीला जून १७७५ मध्ये रायफल समजावून द्यावी लागत होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

यावरून 'रेडकोट' लक्ष्यपत्र पुन्हा पाहावे. त्यावरील डगला मॅसॅच्युसेट्सचा आणि एप्रिलचा आहे, तर फळी व्हर्जिनियाची आणि त्यानंतरच्या उन्हाळ्याची. दोन प्रांत, दोन ऋतू आणि दोन प्रकारची शस्त्रे एका कागदावर एकत्र आणून नवी बखर रचली आहे.

आकड्यांची साक्षही विचारात घ्यावी. परतीच्या वाटेवर दिवसभरात साडेतीन हजारांहून अधिक गावकरी लढ्यात उतरले, असे मानले जाते. ब्रिटिशांचे ७३ ठार आणि १७४ जखमी झाले. म्हणजे सुमारे चौदा लढवय्यांमागे एक शिपाई जायबंदी झाला, आणि प्रत्येक लढवय्याने एकाहून अधिक गोळ्या झाडल्या असणार. हा अचूक नेमाचा विजय म्हणता येणार नाही. तो वेळेवर आणि गावागावांतून येऊन पोहोचलेल्या संख्येचा परिणाम होता. झाडाआड दडलेला एकटा शेतकरी हे लोकप्रिय चित्रही फिशर यांनी तपासले आहे. तुकड्या आपापल्या नायकांच्या हुकमाखाली लढल्या आणि दुपारनंतर जनरल विल्यम हीथ याने त्यांत सुसूत्रता आणली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

खऱ्या रायफलधाऱ्यांचे पुढे काय झाले, हा उपप्रसंगही उद्बोधक आहे. ऑगस्ट १७७५ पर्यंत ते केंब्रिजच्या छावणीत दाखल झाले, त्यांच्या नेमाचे कौतुक झाले आणि छावणीच्या नित्य कामांतून त्यांना सूट मिळाली. सप्टेंबरमध्ये त्यांतील पेनसिल्व्हेनियाच्या काहींनी प्रॉस्पेक्ट हिल येथे बंड केले. सहकाऱ्यांना कोठडीतून सोडविण्यासाठी निघालेल्या या मंडळींना शस्त्रे खाली ठेवावयास लावणे, हे वॉशिंग्टनपुढील एक काम होऊन बसले. अचूक नेम आणि नागरी शिस्त या दोन गोष्टी आपोआप एकत्र नांदत नाहीत, याचा याहून चांगला दाखला त्या वर्षातच शोधून सापडणार नाही.

आक्षेपाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आयझॅक डेव्हिसने आपल्या घरामागे नेमबाजीची जागा केली होती आणि त्याची तुकडी नियमित सराव करीत असे, असे परंपरा सांगते. सराव आणि सज्जता यांना त्या दिवसात स्थान होते. परंतु उत्तर पुलावर ॲक्टनच्या तुकडीस आघाडी मिळण्याचे एक कारण तिच्याजवळ असलेल्या संगिनी हे दिले जाते, आणि संगीन हे काही दुरून नेम धरण्याचे हत्यार नव्हे.

जेथे गोळी झाडली गेली नाही

आख्यानात काय आले यापेक्षा काय येऊ शकत नाही, हे पाहणे अधिक मोलाचे ठरते. ६ सप्टेंबर १७७४ रोजी, म्हणजे लेक्सिंग्टनच्या सात महिने आधी, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे ३७ गावांच्या तुकड्या जमल्या. त्या दिवशी त्यांची मोजदाद करण्यात आली आणि ती ४,६२२ भरली. ब्रिटिश पार्लमेंटने प्रांताची सनद बदलून न्यायाधीश व अधिकारी यांच्या नेमणुकीतील लोकांचा वाटा काढून घेतला होता. त्याविरुद्ध न्यायालय भरू द्यावयाचे नाही, यासाठी हा जमाव होता. फौज येत नाही असे कळल्यामुळे बहुतेकांनी बंदुका बरोबर आणल्या नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावागावांच्या रांगा लागल्या आणि त्यांच्या मधून न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना टोपी हातात घेऊन चालावे लागले. सर्वांना ऐकू जावे म्हणून त्यांनी आपला राजीनामा-वजा कबुलीजबाब वाटेत पुन्हापुन्हा वाचून दाखविला. त्या दिवशी वूस्टर परगण्यातून राजाची सत्ता उठली ती उठलीच. रे राफेल यांनी २००२ च्या ग्रंथात हीच पहिली अमेरिकन क्रांती असे म्हटले आहे.

पुढे २६ फेब्रुवारी १७७५ रोजी सेलम येथे कर्नल लेस्लीची फौज तोफा जप्त करण्यास आली, तेव्हा गावकऱ्यांनी उघडझाप होणारा पूल उचलून धरला. बराच वेळ हुज्जत चालली आणि अखेर फौजेने पूल ओलांडून नाममात्र तपास करावा व परत जावे, अशी तडजोड झाली. एकही जीव गेला नाही.

हे दोन्ही प्रसंग त्याच वारशाचे आहेत आणि त्याच माणसांचे आहेत. शिबिरातील कथक वार्तावहनाच्या समित्यांचा उल्लेख करीतही असतील. परंतु लक्ष्यपत्र, गुण आणि बिल्ला यांच्या चौकटीत वूस्टर बसविता येत नाही. ४,६२२ माणसे रांगेत उभी राहून अधिकाऱ्याचा राजीनामा ऐकतात, याचा सराव २५ मीटरवर कसा करावयाचा? आख्यान खोटे नसूनही चौकटीमुळे ते एकाच अंगाने वाढते. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९७६ मध्ये कॉन्कर्डचे जे सामाजिक चित्र रेखाटले, त्यात गावसभेतील भांडणे, जमिनीची टंचाई, कर आणि चर्चमधील दुफळी यांना मोठी जागा आहे. बंदूक तेथे आहे, पण ती गावसभेच्या ठरावाने उचलली जाते.

मालकीचा प्रश्न

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. ज्या वर्षी हा उपक्रम आकारास आला त्याच २००६ मध्ये सॉल कॉर्नेल यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राज्यघटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीतील शस्त्राधिकार नागरी पथकातील कर्तव्याशी बांधलेला होता, असे त्यांचे मत होते. २००८ मध्ये 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो अधिकार व्यक्तीचा असल्याचा निर्णय दिला. १९ एप्रिलचा नायक गाव की व्यक्ती, हा प्रश्न अशा काळात निव्वळ इतिहासाचा उरत नाही.

शिवाय ही तारीख कोणा एकाची नाही. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीत स्फोट घडवून १६८ जणांचा बळी घेणाऱ्या टिमोथी मॅकव्हे याने तो दिवस हेतुतः निवडला होता. १९ एप्रिल २००९ रोजी लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर 'ओथ कीपर्स' या संघटनेने आपला पहिला मेळावा भरविला. तिचा संस्थापक २०२२ मध्ये राजद्रोही कटाबद्दल दोषी ठरला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिक्षा कमी करण्यात आली. ॲपलसीड या उपक्रमाचा या दोहोंशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. प्रशिक्षणात चालू राजकारण आणू नये, असाच त्याचा दंडक आहे. तरीही एकच कथा इतक्या भिन्न हातांत जाऊ शकते, याचे कारण तिच्या लोकप्रिय रूपात गाव पुसट आणि बंदूकधारी ठळक झालेला आहे. कथकाचा हेतू चांगला असल्याने हा दोष भरून निघत नाही.

शिबिर आणि त्याची कथा

या उपक्रमाचे प्रत्यक्ष वर्तन मात्र त्याच्या आख्यानापेक्षा इतिहासाला अधिक जवळचे आहे, हे सांगितल्यावाचून चिकित्सा अपुरी राहील. मैदानावर सर्वजण एका रेषेत असतात. हुकूम झाल्याशिवाय कोणी बंदुकीला हात लावीत नाही. एकाने चूक केली तर सगळी रांग थांबते. शेजाऱ्याची बंदूक अडली तर ती कशी सोडवावयाची, हे अनोळखी माणूस समजावून सांगतो. शिकवणारा पगार घेत नाही. डॉक्टर, सुतार, शाळकरी मुलगी आणि निवृत्त शिपाई एकाच चटईच्या उंचीवर येतात. अठराव्या शतकातील मॅसॅच्युसेट्सच्या गावात सरावाचा दिवस साधारण असाच असे. फरक एवढाच की सराव संपल्यावर ती माणसे त्याच गावात राहत, त्याच सभेत मत देत आणि तुकडीचा नायकही मतानेच निवडीत. शिबिरार्थी रविवारी सायंकाळी आपापल्या मोटारीने निरनिराळ्या गावी परततात.

लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक हा कृष्णवर्णीय गुलाम होता. त्याने किती अचूक नेम धरला याची नोंद नाही, त्या पहाटे गोळी झाडली की नाही हेही सांगता येत नाही. पार्करच्या तुकडीतील इतरांप्रमाणे तोही हिरवळीवर उभा होता, गोळी त्याला लागली आणि जखमींच्या त्या वेळच्या छापील यादीत त्याचे नाव आले. ज्या गावसभेने ही तुकडी उभी केली तिच्यात त्याला मत नव्हते. काडी तीनदा ओढण्याच्या कथेत त्याला नेमके कोठे बसवावयाचे, हा प्रश्न २१० गुणांच्या चाचणीला सोडविता येणारा नाही.